पहिल्या रकान्यातल्या चार ओळी

मधुकाका,

मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला होता. "काकांवर तूच लिही, तुझंच त्यांच्याशी जास्त जमायचं," म्हणाले. दिवाळी अंकात एक पान राखून ठेवलंय, फोटोसकट. फोटो सूटमधला घ्यायचा की झब्ब्यातला, यावर कमिटीच्या ईमेलही फिरून झाल्या. जन्म मिरजेचा, शिक्षण अमुक, नोकरी तमुक, मागे एक मुलगी आणि दोन नातवंडं, असं लिहिलं तर पान भरेल आणि कुणाला काही खटकणारही नाही. पण असल्या मजकुराच्या समासात तुम्ही पेन्सिलीनं काय लिहायचात, ते मला पाठ आहे. "ह्यात माणूस कुठाय?"

म्हणून हे तुम्हालाच लिहितेय. तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. तुमचं एक काम माझ्याकडे तीन वर्षं पडून आहे. चार ओळींची एक दुरुस्ती छापायची होती. ती छापल्याशिवाय तुमच्याबद्दल एक अक्षरही लिहायचा मला हक्क नाही. आणि ती छापायची तर आधी तुमच्याशी खरं बोलायला हवं. तुम्ही होतात तेव्हा माझी हिंमत झाली नाही.

आपली ओळख भांडणातूनच झाली. इथे अमेरिकेत, पार्सिपनी गावच्या शाळेच्या हॉलमध्ये आपल्या मराठी मंडळाची दिवाळी होती. मी नागपूरहून येऊन दोन वर्षं झाली होती. आठवडाभर कंपनीत कोड लिहायचा आणि शनिवार-रविवार मंडळाच्या अंकाला जुंपून घ्यायचं, असं माझं चाललं होतं. तो माझा पहिला अंक, त्यामुळे मी जरा हवेतच होते. ताटात पुऱ्या घेऊन उभी होते, तेवढ्यात एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ अंक उघडून माझ्यासमोर आले. "संपादक तूच का? ह्यात बत्तीस चुका आहेत. तेहतिसाव्या चुकीबद्दल अजून खात्री नाही."

मागून काकू म्हणाल्या, "अहो, पोरीला जेवू तरी द्या."

मी फणकाऱ्यानं म्हटलं, "पुढच्या वर्षी तुम्हीच तपासा मग, काका." तुम्ही जणू त्याच आमंत्रणाची वाट बघत होतात. लगेच म्हणालात, "तपासतो. अट एकच. तरीही चूक राहिली, तर ती पुढच्या अंकात पहिल्या पानावर कबूल करायची." मला वाटलं, रिटायर झालेल्या माणसाला वेळ जात नाही, दुसरं काय.

त्या पहिल्या पानामागे तुमचे प्रोफेसर आहेत हे मला नंतर कळलं. तुम्ही तरुणपणी ओहायोतल्या एका लहानशा कॉलेजात शिकायला आलात. तिथं तुम्हाला ज्या इमारतीत खोली मिळाली तिला एका माणसाचं नाव होतं आणि तो कोण, हे गावात कुणाला सांगता येत नव्हतं. "ज्याच्या घरात दोन वर्षं झोपलो त्याची साधी चौकशी नको करायला?" असं तुम्ही म्हणायचात. चौकशीला लागलात मात्र नोकरी संपल्यावर. एकोणिसाव्या शतकातला माणूस. सकाळी कॉलेजात वक्तृत्व आणि लेखन शिकवायचा, दुपारी स्वतःच्या साप्ताहिकाच्या छापखान्यात उभा राहून अक्षरांचे खिळे जुळवायचा आणि उरलेल्या वेळात पुस्तकं लिहायचा. ती पुस्तकं आता कुणी वाचत नाही. अशा माणसाचं चरित्र तुम्ही मराठीत लिहायला घेतलंत. मी विचारलं, "काका, वाचणार कोण?" तुम्ही म्हणालात, "तू. टाइप तूच करणार आहेस."

मी त्याला "तुमचा प्रोफेसर" म्हणायची. तुम्ही "आमचे प्रोफेसर" म्हणायचात, मिरजेतल्या एखाद्या थोरल्या काकांबद्दल बोलावं तसे. त्याचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. त्याचं नाव इमारतीवर आहे, तेवढं पुरे.

पण त्याच्या पहिल्या रकान्याच्या मी प्रेमात पडले होते, हे कबूल करायला हवं. इतर वृत्तपत्रं चुकांची दुरुस्ती शेवटच्या पानावर, घोड्यांच्या जाहिरातींखाली दडवायची. हा माणूस मागच्या अंकातल्या सगळ्या चुका पहिल्या पानावर, पहिल्या रकान्यात, सगळ्या बातम्यांच्या वर छापायचा. अमक्याची गाय तांबडी नसून पांढरी होती. तमक्या मुलीचं लग्न मंगळवारी नव्हे, गुरुवारी झालं. संपादकाने रागाच्या भरात पाद्रीबुवांना आळशी म्हटलं, ते आळशी नाहीत. नियम ठरलेले होते आणि ते तुम्ही मला पहिल्याच शनिवारी ऐकवलेत. काय चुकलं ते सांगायचं, बरोबर काय ते सांगायचं, चूक कुणाची ते सांगायचं. कारण मात्र द्यायचं नाही. "कारण द्यायला लागला की माणूस हळूच निसटतो," तुम्ही म्हणालात.

ते शनिवार! साडेनऊला मी तुमच्याकडे पोचायची. तुम्ही जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसलेले असायचात, काकू ओट्यापाशी. डायबेटिसनं तुमची नजर तेव्हाच अधू व्हायला लागली होती. मायक्रोफिल्मच्या मशीनवर त्या साप्ताहिकाची जुनी पानं सरकायला लागली की तुम्हाला गरगरायचं. म्हणून वाचायचं काम काकूंकडे. त्या इथल्याच गावच्या लायब्ररीत पुस्तकं लावायचं काम करायच्या. त्यांनीच तिथे विनंती करून ओहायोहून त्या फिल्मची रिळं मागवली होती. शिफ्ट संपली की तासभर त्या मशीनसमोर बसायच्या आणि लांब वहीत उतरवून आणायच्या. मिरजेत कॉलेजचं एक वर्ष झालं तोवर त्यांचं लग्न झालं होतं. इंग्रजी त्या इथे येऊन शिकल्या, शाळेच्या कॅन्टीनमध्ये मुलांना जेवण वाढता वाढता. त्या मला कधीही काही शिकवायला गेल्या नाहीत. म्हणूनच बहुधा त्यांच्याकडून काही शिकण्यासारखं आहे, हे माझ्या लक्षात आलं नाही.

तो शनिवार तुम्हालाही आठवत असेल. काकू पोहे परतत होत्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "अहो, तुमचे प्रोफेसर त्या आठवड्यात गावात नव्हतेच."

"कुठल्या?"

"बॉस्टनला व्याख्यानं द्यायला गेले होते म्हणून आतल्या पानावर बातमी आहे. मग अग्रलेख कुणी लिहिला?"

"आधीच लिहून ठेवला असेल," तुम्ही म्हणालात.

"त्या सोमवारी पूल वाहून गेला, त्याबद्दल आहे तो. आणि आभाळापासून सुरू होतो." त्यांनी गॅस बारीक केला आणि वही आणून आपल्यासमोर ठेवली. "मी मागचे सगळे काढून बघितले. काही अग्रलेख असेच सुरू होतात. वारा कुठून आहे, ढग कसे आहेत, दुपारी उघडेल की नाही. साप्ताहिक निघायचं बुधवारी. म्हणजे हे लिहिलं सोमवारी. आणि इथे त्या काळी सोमवार म्हणजे धुण्याचा दिवस. धुणं वाळत घालायचं असतं ना, त्याच माणसाला इतकं आभाळ दिसतं. हे बाईनं लिहिलंय."

तुम्ही हसलात. मीही हसले. काकू हसल्या नाहीत. त्यांनी पोह्यांवर कोथिंबीर घातली आणि बशा पुढे केल्या.

तरी तुम्ही कॉलेजला पत्र लिहिलंत, हे तुमचं मोठेपण. तीन महिन्यांनी तिथल्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीतून जाडजूड पाकीट आलं. प्रोफेसरची बहीण त्याच्याच घरी राहायची, हॅना नावाची. तिच्या पत्रांच्या नकला होत्या. वीसेक वर्षं जवळजवळ निम्मे अग्रलेख तिनं लिहिले होते. साप्ताहिकात तिचा उल्लेख फक्त एकदा आला, ती गेली तेव्हा. "संपादकांची बहीण वारली," एवढाच. नावही नाही. ते वाचून तुम्ही कप खाली ठेवलात आणि मागच्या अंगणात जाऊन उभे राहिलात. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गाईचा रंग चुकला तर पहिल्या पानावर. आणि हॅनाबाईंचं नाव राहिलं, ते त्या प्रोफेसरांना चुकीत धरावंसं वाटलं नाही." तेव्हापासून त्या तिला हॅनाबाईच म्हणायच्या.

त्या शोधाचं प्रकरण तुम्ही आपल्या दिवाळी अंकासाठी दिलंत. 'आभाळापासून सुरू होणारे अग्रलेख.' वर तुमच्या अक्षरात दोन नावं होती. नलिनी सरवटे, मधुकर सरवटे. काकूंचं पहिलं.

आता कारण देते, काका. दुरुस्तीत देणार नाही, पण तुम्हाला ते कळायलाच हवं.

अंक निघाला तेव्हा त्यावर एकच नाव होतं, तुमचं. तुम्ही फोन करून विचारलंत, तेव्हा मी म्हटलं, "काका, त्या पानावर जागाच नव्हती हो. ओळ पुढच्या पानावर ढकलली जात होती, म्हणून काढावी लागली." ते खोटं होतं. जागा भरपूर होती. झालं असं की शेवटच्या मीटिंगमध्ये कमिटीतल्या एकानं प्रूफ बघून म्हटलं, "अरे यार, आता नवऱ्याच्या लेखावर बायकोचंही नाव? उद्या सगळेच घालतील." सगळे हसले, आणि मीही हसले. मलाही मनातून वाटत होतं की काका कौतुकानं घालतायत. लेख तुमचा, काकूंनी फक्त वाचून दाखवलं. मी त्या स्वयंपाकघरात होते, काका. ते पोहे मी खाल्ले होते. ती वही माझ्यासमोर ठेवली होती, आणि तरीही मला असंच वाटलं. मीटिंग संपायच्या आत मी ते नाव काढून टाकलं. कुणी सांगितलंही नव्हतं.

अंक घेऊन मी स्वतः तुमच्याकडे आले होते. काकूंनी हात पुसून तो घेतला, चष्मा लावला आणि ते पान उघडलं. बराच वेळ बघितलं. मग पान उलटून पुढचं बघितलं. तिथे आयसेलिनच्या साडीच्या दुकानाची जाहिरात होती. त्यांनी अंक मिटून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "कागद छान वापरलाय या वर्षी." मला चहा दिला. निघताना डब्यात चकल्या बांधून दिल्या. त्या चकल्या मी घरी जाऊन खाल्ल्या, हे आता आठवलं की मला माझीच लाज वाटते.

तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, "बरं. पुढच्या अंकात दुरुस्ती टाक. पहिल्या पानावर." मी हो म्हटलं.

फेब्रुवारीत काकू गेल्या. सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ बघत खिडकीपाशी उभ्या होत्या आणि तिथेच कोसळल्या. पुढचा अंक आला तेव्हा मी कमिटीत दुरुस्तीचा विषय काढला. अध्यक्ष म्हणाले, "अगं, आता त्या नाहीत. दिवाळीच्या अंकात उगाच काकांच्या जखमेवरची खपली कशाला काढायची?" मी जरा वाद घातल्यासारखं केलं. खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. दुरुस्ती छापली असती तर कुणीतरी विचारलं असतं, की नाव काढलं कुणी. त्याच्या पुढच्या वर्षी मी विषयही काढला नाही.

तुम्ही कधी आठवण केली नाहीत. याचं मला बरं वाटायचं, इतकी मी वाया गेले होते. प्रूफं तपासणं तुम्ही डोळ्यांचं निमित्त सांगून सोडलंत. चरित्र त्या प्रकरणाशी थांबलं. शनिवार महिन्यातून एकावर आले, मग सणासुदीवर. मी लोकांना सांगायची, काकू गेल्यापासून काकांचं लिहिणंच गेलं. ऐकायला बरं वाटायचं आणि माझ्यावर काही यायचं नाही.

जूनमध्ये मी तुम्हाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेले, ती आपली शेवटची नीटशी भेट. तुम्ही मांडीवर एक कापडी पिशवी घेऊन बसला होतात. "काय आहे?" मी विचारलं. "वाचायला," तुम्ही म्हणालात. तुम्हाला तेव्हा समोरचा सिग्नलही दिसत नव्हता. म्हातारपणी माणसं काय काय बरोबर घेतात, असं म्हणून मी सोडून दिलं.

"शेवटचं प्रकरण अडलंय," तुम्ही म्हणालात.

"कुठे?"

"हॅनाबाईंचं नाव त्यांनी का छापलं नाही, तिथे."

"सोपं आहे, काका. त्याला छापायचंच नव्हतं."

"फार कडक आहेस तू, संपादकीणबाई. मला तसं वाटत नाही. त्यांना छापायचं होतं. दर आठवड्याला छापायचं होतं. पुढच्या अंकात टाकू, म्हणत राहिले असतील."

"वीस वर्षं?"

"वीस वर्षं काय गं, एकेक आठवडाच असतो तो."

मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले होते. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात, दिसत नसताना. तेव्हा गाडी बाजूला घ्यायला हवी होती. जागा होती हो त्या पानावर, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मी विचारलं, "एसी कमी करू का?" तुम्ही म्हणालात, "नको, बरा आहे."

तुमचे विधी परवाच्या रविवारी उरकले. तुमची मुलगी केतकी फ्रिस्कोहून आली आहे, तुमचं घर आवरतेय. तिनं मला फोन केला. "मेधाताई, कॅन यू कम? गराजमध्ये काहीतरी आहे. बाबांनी कुणालाच टच करू दिलं नव्हतं."

गराजमध्ये त्या वर्षीच्या अंकाची उरलेली खोकी होती. मंडळाला गोडाऊन नाही म्हणून तुमच्याकडे ठेवलेली. मी विसरूनही गेले होते. केतकीनं एक अंक काढून माझ्या हातात दिला. त्यात एक कागदाची पट्टी घातलेली होती. उघडला तर तेच पान. शीर्षकाखाली, तुमच्या छापील नावाच्या वर, काळ्या शाईच्या पेनानं लिहिलेलं: नलिनी सरवटे.

मी दुसरा अंक काढला. त्यातही होतं. तिसऱ्यातही. खोक्याच्या तळाशी असलेल्या अंकांत अक्षर सरळ होतं, तुमचं नेहमीचं मोत्यासारखं. वर वर येताना ते तिरकं व्हायला लागलं. सगळ्यात वरच्या अंकांत ते शीर्षकावरच चढलं होतं, एका ठिकाणी तर समासाबाहेर गेलं होतं. दुसरं खोकं अर्धं रिकामं होतं.

"ही यूज्ड टू टेक सम एव्हरी वीक," केतकी म्हणाली. "पिशवीत घालून. लायब्ररीत ठेवायचे, डॉक्टरकडे वेटिंग रूममध्ये ठेवायचे. ओक ट्री रोडवर पण, ग्रोसरीच्या दुकानात. कुणी नेलं की परत भरायचे. मी म्हटलं, बाबा, कोण वाचणार? तर म्हणाले, 'संपादक बिझी आहे गं. तिला वेळ मिळेपर्यंत मी करतो.'" मग तिनं माझ्याकडे बघितलं. "व्हू इज द एडिटर?"

"मी," मी म्हटलं.

तिला काय समजलं कोण जाणे. ती माझ्याशेजारी खोक्यावर बसली आणि माझा हात धरून राहिली. सांत्वन मी करायला हवं होतं. वडील तिचे गेले होते.

काका, तुम्ही माझ्यावर ओरडला असतात तर मी ते कधीच विसरून गेले असते. तुम्ही मला वेळ दिलात. दर आठवड्याला, पेनानं, एकेक प्रत. नजर जात असताना तुम्ही माझी चूक निस्तरत बसलात आणि त्या चुकीला माझं नाव एकदाही लावलं नाहीत. हे प्रेम होतं की शिक्षा, ते मला अजून ठरवता येत नाही. त्या दिवशी गाडीत तुम्ही प्रोफेसरांना माफ करत होतात की मला, तेही विचारायचं राहिलं. तुम्ही म्हणालात तेच बरोबर निघालं. त्यांनाही छापायचं असणार. मला हे पटायला स्वतः तीन वर्षं घालवावी लागली.

तुमचं चरित्र मी पुरं टाइप करणार आहे, आहे तेवढं. अडलेल्या जागी अडलेलंच ठेवणार आहे. मुखपृष्ठावर दोन नावं असतील, तुमच्या क्रमानं.

आणि काल अध्यक्षांना कळवलं, की राखून ठेवलेलं पान नको, मला पहिलं पान हवंय. ते म्हणाले, "मेधा, पहिल्या पानावर गणपती असतो." मी म्हटलं, "गणपती दुसऱ्या पानावर बसेल. त्याला चालेल." मग मीटिंगमध्ये मी सगळं सांगितलं, हसण्यासकट. पहिला रकाना मला मिळाला.

मजकूर खाली देतेय, एक मथळा आणि चार ओळी. तुमच्या पद्धतीनं लिहिलाय, कारण दिलेलं नाही. तपासून घ्या, काका. पेन्सिल लावायला जागा दिसली, तर मला कसं कळवाल ते मात्र माहीत नाही.

आमचं चुकलं.
तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळी अंकात 'आभाळापासून सुरू होणारे अग्रलेख' या लेखावर आम्ही मधुकर सरवटे हे एकच नाव छापलं.
लेख नलिनी सरवटे आणि मधुकर सरवटे यांचा आहे, आणि त्यातला शोध नलिनी सरवटे यांचा.
नाव काढलं ते संपादक मेधा हिनं.
पानावर जागा होती.